माझ्या पर्समधली कुंकवाची डबी

माझ्या पर्समध्ये एक वेळ लिपस्टिक नसेल, मोबाइलचा चार्जर तर हमखास नसेल, पण एक पितळी कुंकवाची डबी असतेच असते. आता मी काही कुंकू लावत नाही. टिकली लावते, तीही साडी नेसले तरच. त्यामुळे प्रेस कॉन्फरन्सच्या चहाच्या वेळी ती डबी बाहेर निघाली की आजूबाजूच्या भुवया जरा वर जातात. मी झाकण उघडते, बोटावर फिकट पिवळं मलम घेते आणि मनगटावर, बोटांच्या बेचक्यांत चोळते.

‘लिप बाम का गं?’ कुणीतरी विचारतंच.

‘नाही. इसबाचं मलम.’

एवढं साधं उत्तर द्यायला मला वीस वर्षं लागली, बॉस!

इसब म्हणजे एक्झिमा. इंग्रजीत म्हटलं की जरा स्टायलिश वाटतो, पण खाज तेवढीच येते. मला तो सातव्या वर्षापासून आहे. आधी कोपरांच्या आतल्या बाजूला, मग गुडघ्यांमागे आणि नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केल्यावर थेट हातांवर. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. पण शाळेत बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीला हे कोण सांगणार? ती सरकून बसायची. नातेवाइकांचे सल्ले तर फुकटच. ‘वांगं बंद करा हिचं.’ ‘रक्त बिघडलंय, कडुलिंबाचा रस द्या.’ आणि सगळ्यात लाडका सल्ला, ‘लग्नानंतर जाईल आपोआप!’

आईचा उपाय सगळ्यांत सोपा होता. फुल स्लीव्ह्ज. पुण्याच्या एप्रिलमध्येसुद्धा फुल स्लीव्ह्ज. मला तिचा भयंकर राग यायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरमध्ये माझी टोटल वाट लागली. पुण्याची कोरडी थंडी, तीन डेडलाइन्स, रात्रीची जागरणं आणि गीझरचं कडकडीत पाणी. बोटांना भेगा पडल्या. लॅपटॉपवर टाइप करताना स्पेसबारवर रक्ताचा ठिपका दिसला, तेव्हा मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलाने न विचारता एक ट्यूब दिली. ‘खाजेवर एकदम बेस्ट, मॅडम.’

खरंच बेस्ट होती. चार दिवसांत हात लोण्यासारखे मऊ. मग काय, मी ती सहा आठवडे लावली, चेहऱ्यावरही. पुढे कळलं की त्यात तगडं स्टिरॉइड होतं, वर बुरशीचं आणि जंतूंचं औषधही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नाहीत. मी पत्रकार, मला हे माहीत असायला हवं होतं. पण खाज सुटली की माणूस कायदा वाचत नाही. गालांवरची कातडी पातळ होऊन लालसर शिरा दिसायला लागल्या. घाबरून ट्यूब बंद केली, तर इसब दुप्पट जोराने परत आला.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. ठरवलं, बास झालं केमिकल! आता सगळं नॅचरल! कडुलिंबाचा लेप लावला, हळद लावली, लिंबाचा रस चोळला (जिवाच्या आकांताने ओरडले) आणि टी ट्री ऑइलचे थेंब घातलेलं एक घरगुती मलम बनवून आठवडाभर थापलं. आठव्या दिवशी मनगटातून पाणी वाहत होतं, त्यावर मधासारख्या पिवळ्या खपल्या आल्या होत्या आणि अंगात ताप. जंतुसंसर्ग झाला होता.

ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, त्यांनी माझी सगळी नॅचरल कहाणी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, ‘नॅचरल तर बिब्बाही असतो. लावशील?’

माझी बोलतीच बंद. बिब्ब्याने कातडी कशी उतते, हे कोकणातल्या आजोळी वाढलेल्या मुलीला सांगावं लागत नाही.

मग त्यांनी कागदावर एक भिंत काढली. कातडीच्या पेशी म्हणजे विटा आणि मधली स्निग्ध द्रव्यं म्हणजे सिमेंट. इसबाच्या कातडीत ही भिंत मुळातच कच्ची असते. आतलं पाणी उडून जातं, बाहेरचा साबण, धूळ, जंतू आत शिरतात. खाज सुटते, आपण खाजवतो, भिंत आणखी ढासळते आणि खाज आणखी वाढते. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन ही भिंत पक्की ठेवायला मदत करतं. त्याच्या जनुकातला दोष आणि इसब यांचा संबंध २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिला. तो दोष प्रत्येक पेशंटमध्ये असतोच असं नाही. पण ‘रक्त बिघडलंय’ हा फंडा तिथेच निकालात निघाला.

त्यांनी प्रतिजैविकं दिली आणि चक्क पुन्हा एक स्टिरॉइड मलम दिलं! पण सौम्य, मोजून, ठरलेल्या दिवसांपुरतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढायची. ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. आंघोळ कोमट पाण्याने, झटपट. अंग टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत काहीतरी स्निग्ध लावायचं. रोज. इसब दिसत नसला तरीही.

‘ते स्निग्ध मी घरी बनवलं तर?’ मी चाचरत विचारलं.

‘बनव की. पण साधं बनव. वास नको, रंग नको, वाहत्या जखमेवर नको. आणि ते औषध नाही, हे विसरू नको.’

मे महिन्यात राजापूरला आजीकडे गेले. माझे हात बघून ती काही बोलली नाही. दुपारी जेवणं आटोपल्यावर तिने तांब्याची परात काढली, वाटीभर गाईचं तूप घातलं, थोडं पाणी घातलं आणि तांब्याच्या लोट्याच्या बुडाने घोटायला लागली. थोड्या वेळाने पाणी ओतलं, नवीन घातलं. ‘अगो, मोज नीट. शंभर व्हायला हवेत.’

हेच ते शतधौत घृत, शंभर वेळा धुतलेलं तूप. विसाव्या पाण्याला आजीचे हात दमले, मग मी बसले. चाळिसाव्याला तूप पांढरं व्हायला लागलं. सत्तराव्याला तुपाचा वास जवळजवळ गेला. उरलं ते ताज्या लोण्यासारखं, गार, हलकं. ओतलेलं पाणी नारळाच्या आळ्यात. चहाची वेळ टळून गेली होती.

‘तुझ्या आजोबांचे हात असेच होते,’ ऐंशीच्या आसपास कधीतरी आजी म्हणाली.

मी मोजायचं विसरले.

आजोबा शाळामास्तर. खडूच्या धुळीने हात फुटायचे, म्हणून खडूला कागद गुंडाळून लिहायचे. गावजेवणाला पंगतीत वाढायला कधी उभे राहिले नाहीत, कारण एकदा कुणीतरी त्यांच्या हातची भाजी ताटात तशीच ठेवून उठलं होतं. आजी दर थोड्या दिवसांनी हे तूप धुवायची. ‘तुझी आई तेव्हा आठ वर्षांची. त्या पंगतीत बसली होती ती.’

म्हणजे फुल स्लीव्ह्ज तिथून आल्या होत्या. आईला माझी लाज वाटत नव्हती. त्या ताटातली भाजी ती अजून विसरली नव्हती.

निघताना आजीने फडताळातून पितळी डबी काढली. आजोबा गेल्यापासून ती तशीच रिकामी होती. ‘पडूनच आहे. तुझं काय ते मलम ठेव त्यात.’

शतधौत घृताची एक अडचण आहे, त्यात पाणी मुरलेलं असतं, त्यामुळे ते फार टिकत नाही. आणि दर आठवड्याला शंभर वेळा तूप धुवायला माझ्याकडे वेळही नाही आणि आजीही नाही. म्हणून मी पुण्यात माझा बाम बसवला. घाण्याचं खोबरेल तेल ६० ग्रॅम, मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल २० ग्रॅम आणि मधमाश्यांचं मेण १५ ग्रॅम. स्टीलची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, मंद आचेवर आधी मेण वितळवायचं, मग मुठेल, शेवटी तेल. एक थेंब गार चमच्यावर टाकून बघायचा. फार कडक झाला तर तेल वाढवायचं. मग कोरड्या डब्यांत ओतायचं. पाण्याचा एक थेंबही जाता कामा नये, कारण पाणी गेलं की बुरशी आलीच. डबीवर तारीख लिहायची आणि तीन महिन्यांत संपवायची.

खोबरेलच का? फिलिपिन्समध्ये मुलांवर केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सौम्य ते मध्यम इसबावर ते मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरलं होतं. उलट महागडं ऑलिव्ह ऑइल कातडीची भिंत कमकुवत करू शकतं, असं २०१३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं. कापूर, लिंबू, लॅव्हेंडर, टी ट्री यांना माझ्या वाटीत नो एन्ट्री. मेणाचीही कुणाला अॅलर्जी असू शकते, म्हणून नवीन घाणा आधी हाताच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा आठवडाभर लावून बघते. लहान बाळासाठी कुणी मागितला तर देत नाही, डॉक्टरांकडे पाठवते.

इसब गेला का? नाही. हा मजकूर लिहिताना डाव्या मनगटावर आहेच, आज मलमाचा तिसरा दिवस. पण गेल्या हिवाळ्यात भेगा पडल्या नाहीत आणि स्पेसबारही स्वच्छ राहिला.

मध्यंतरी घरी एक कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला. मी हाफ स्लीव्ह्जचा कुडता घातला. आई दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, ‘आई, पोहे मी वाढणार आहे.’ ती काही बोलली नाही, फक्त मोठा चमचा माझ्या हातात दिला. मुलाच्या आईने माझ्या मनगटाकडे पाहिलं, मी सांगून टाकलं. सगळ्यांनी पोहे संपवले. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

आठवड्याने पुन्हा त्याच काकूंचा फोन आला. जरा अडखळतच म्हणाल्या, ‘अगं, माझ्या भाचीला असंच आहे गं. तुझ्या त्या मलमाची कृती देशील?’

दिली. आधी डॉक्टरांचा नंबर दिला, मग कृती. फोन ठेवला, तर आई विचारत होती, ‘मेण संपलंय का गं? आणायचं का?’