धडधड ठेवली, थरथर काढली

मोटरसायकल चाचणीला आली की आम्ही तिला तीन ठिकाणी सेन्सर चिकटवतो : हँडलची मूठ, फूटरेस्ट आणि सीट. माणूस गाडीला टेकतो तो इथंच, आणि कंपनं त्याला छळतात तीही इथूनच. या मोजमापात माझी वीस वर्षं गेली. त्यामुळे जुन्या मोटरसायकल कंपनीनं बदलत्या बाजारात कसं टिकावं, असं कुणी विचारलं की मला आधी रॉयल एन्फील्डच्या बुलेटचं इंजिन आठवतं.

एकाच सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन खालीवर होताना क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक हिसका बसतो. मिनिटाला २००० फेरे असतील तर सेकंदाला ३३ हिसके. फेरे दुप्पट झाले की हिसक्याचा जोर चौपट होतो. हाताला मुंग्या येतात त्या यानं. इंधनाचा स्फोट मात्र दर दोन फेऱ्यांना एकदाच होतो, आणि सायलेन्सरमधून ऐकू येते ती धडधड या स्फोटांची. म्हणजे थरथर आणि धडधड यांची मुळंच वेगळी. बुलेटवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही एकत्रच मिळाल्या, म्हणून एक काढली तर दुसरीही जाईल, ही त्यांची भीती मी समजू शकते.

ही गाडी मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबरच्या भागीदारीतून भारतात एन्फील्ड इंडिया उभी राहिली. पुढे मूळ इंग्लिश कंपनी बंद पडली, पण मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला बुलेट बनत राहिली, आणि दशकानुदशकं जवळजवळ तशीच. १९९४ मध्ये आयशरनं कंपनी ताब्यात घेतली. २००० साली सव्वीस वर्षांच्या सिद्धार्थ लाल यांच्याकडे सूत्रं आली, तेव्हा कंपनी विकून तरी टाकावी नाहीतर बंद करावी, इथवर गोष्टी आल्या होत्या.

त्यानंतर जे झालं ते मला फार मोलाचं वाटतं. इंजिन आणि गिअरबॉक्स एका कवचात आले, टॅपेट हायड्रॉलिक झाले, उजव्या पायाचा गिअर डावीकडे गेला. जुने चालवणारे हळहळले. पण २००९ ची क्लासिक दिसायला मात्र पन्नाशीच्या दशकातलीच राहिली. मग २०२० मध्ये मीटिओर या मॉडेलबरोबर नवं ३४९ सीसी इंजिन आलं आणि त्यात बॅलन्सर शाफ्ट बसला. क्रँकच्याच वेगानं उलटा फिरून तो पिस्टनचा हिसका बराचसा खाऊन टाकतो. स्फोटांच्या लयीला तो हातही लावत नाही. बोअर ७२ मिलिमीटर, स्ट्रोक ८५.८, म्हणजे कमी फेऱ्यांवर ओढणारं, लांब ढांगांचं इंजिन कायम. ताकद वीस हॉर्सपॉवरच्या आसपास, जवळपास आधीइतकीच! इतरांची ताकदीची शर्यत जोरात असताना हे आकडे पुढे करायला छाती लागते.

२०२४-२५ मध्ये रॉयल एन्फील्डच्या दहा लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्यांचा ४० झाला, तेव्हा ते ३४९ सीसी कामी आले. हा योग, त्याचं श्रेय मी कुणाला देणार नाही.

खरा पेच विजेच्या गाडीचा. तिच्यात स्फोटच नाही, मग धडधड कुठून आणणार? नोव्हेंबर २०२४ मध्ये मिलानला कंपनीनं आपली विजेची गाडी दाखवली, तेव्हा तिला बुलेटचं नाव दिलं नाही. नाव दिलं फ्लाइंग फ्ली. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटनं खाली सोडता येईल अशी १२५ सीसीची हलकी गाडी याच नावानं ओळखली जायची. तिची ओळख होती तिचं वजन. घरातल्या दुसऱ्या पूर्वजाला हाक मारण्याची ही निवड मला पटली. त्या गाडीच्या मुठीला सेन्सर चिकटवायची संधी मिळावी, अशी फार इच्छा आहे.