पेरणीनंतरचा खंड: पवईच्या प्रवासातून घरी पाठवलेली पत्रे

धामणगाव रेल्वे



यवतमाळ जिल्ह्यातील कापूस आणि सोयाबीन मुख्यतः पावसाच्या भरवशावर उभे असतात, आणि जूनमध्ये पेरणी उरकल्यावर पावसाने ओढ दिली की बियाण्याचा खर्च पुन्हा अंगावर घेऊन दुबार पेरणी करावी लागते, हे घरच्यांना सांगण्याची गरज नाही. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत भरणाऱ्या ‘सायपाय इंडिया’ परिषदेत वाचला जाणारा माझा निबंध याच ओढीच्या मोजमापाविषयी आहे. सायपाय हे पायथन या संगणकभाषेतील वैज्ञानिक आकडेमोडीचे मुक्त साधन होय. मुक्त म्हणजे ज्याची आज्ञावली कोणालाही वाचता, तपासता आणि बदलता येते. या नावाची पहिली भारतीय परिषद २००९ साली तिरुवनंतपुरम येथे झाली आणि पुढे अनेक वर्षे ती पवईला भरली.

पवई

निबंधाचा आधार असलेली पावसाची आकडेवारी हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने तयार केलेली असून तीत १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकोनांत मांडलेला आहे. असा एक चौकोन साधारण सव्वीस ते अठ्ठावीस किलोमीटर लांबी-रुंदीचा असल्याने १३,५८२ चौरस किलोमीटरचा आपला जिल्हा क्षेत्रफळाने अशा सुमारे एकोणीस चौकोनांइतका भरतो. पुसद आणि वणी यांच्यात सरळ रेषेने सुमारे १४० किलोमीटर अंतर आहे, आणि जिल्ह्याची एकच सरासरी काढली की पुसदच्या शिवारातला कोरडा पंधरवडा वणीच्या सरींखाली झाकला जातो. सरासरीचे हे झाकणे शेतकऱ्याच्या दृष्टीने फार घातक आहे, कारण महिन्याची बेरीज समाधानकारक असूनही उगवलेले रोप मधल्या खंडात करपलेले असू शकते. म्हणून निबंधात पावसाच्या बेरजेऐवजी खंडाची लांबी मोजली आहे: हवामानशास्त्रात २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेला दिवस ‘पावसाचा दिवस’ मानतात, आणि त्याहून कमी पावसाचे दिवस सलग किती आले हे प्रत्येक चौकोनासाठी, प्रत्येक वर्षासाठी शोधले आहे.

हे काम हाताने करू गेल्यास आयुष्य पुरणार नाही. पायथनमधील नमपाय हे साधन मात्र वर्ष, दिवस आणि जागा यांचे सगळे आकडे एकाच मांडणीत धरून त्यांवर एकदम क्रिया करते. तरीही दक्षता माणसालाच घ्यावी लागते. पावसाच्या या आकडेवारीत जिथे नोंद नाही तिथे उणे ९९९ हा खुणेचा आकडा असतो. तो तसाच राहू दिला तर बेरीज निरर्थक होते, आणि त्याच्या जागी शून्य लिहिले तर कधीच न पडलेला दुष्काळ कागदावर पडतो. आलेख काढणारे मॅटप्लॉटलिब हे साधन जॉन हंटर यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-संकेत अभ्यासताना घडवले. त्याच साधनाने आज कोरडवाहू रानाचा पाऊस रेखाटता यावा, हे ज्ञान मोकळे ठेवल्याचेच फळ आहे.

परिषदेत निबंध वाचला तेव्हा श्रोत्यांत विमानविद्येचे, जीवशास्त्राचे, खगोलाचे अभ्यासक होते आणि निबंधासोबत आज्ञावलीही खुली केलेली असल्याने चर्चा थेट तिच्या ओळींवर झाली. सर्वांत मोलाचा प्रश्न पेरणीच्या तारखेचा निघाला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो, आणि निबंधात एकूण पाऊस ७५ मिलिमीटरवर पोचला तो दिवस पेरणीचा धरला आहे. पण शेतकरी खरोखर त्याच दिवशी तिफण धरतो काय, असे विचारण्यात आले. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर आकाशाच्या नोंदींतून मिळण्यासारखे नाही.

परतीच्या गाडीतून

पवईच्या या प्रश्नाचे उत्तर गावातच आहे. बियाण्याच्या पावत्यांवर, उधारीच्या वह्यांत आणि पंचांगाच्या समासात पेरणीचे दिवस टिपलेले असतात, आणि कोणत्याही उपग्रहाच्या चित्राइतकीच त्यांची किंमत आहे. तरी घरच्या जुन्या वहीत पहिल्या आणि दुबार पेरणीच्या ज्या तारखा सापडतील, त्या वर्षवार उतरवून ठेवाव्यात, आणि शेजारच्या शेतकऱ्यांनाही तशीच विनंती करावी.