जबड्यातील पांढऱ्या रेषा

रुग्ण दाताची तक्रार घेऊन येतो आणि आपणही दाताचाच विचार करावा, अशी त्याची रास्त अपेक्षा असते. त्यामुळे जबड्याची क्ष-किरण फिल्म उजेडावर धरताच नजर सहजच किडलेल्या दाढेकडे धावते. ती आवरून प्रथम हाडाकडे, आणि हाडातही त्याच्या रेषांकडे पाहावे, असा माझा विद्यार्थ्यांपाशी नेहमी आग्रह असतो.

निरोगी जबड्याच्या चित्रात बारीक पांढऱ्या रेषांची एक व्यवस्था नांदत असते. प्रत्येक मुळाभोवती लॅमिना ड्यूराची रेषा, अद्याप न उगवलेल्या दाताच्या कोषाभोवती तशीच दुसरी, आणि खालच्या जबड्यातून जाणाऱ्या मज्जातंतूच्या कालव्याला वर-खाली दोन समांतर रेषा. रक्ताचे कर्करोग जबड्यात उतरतात तेव्हा पुष्कळदा गाठ दिसण्याच्या आधी या रेषा पुसट होऊ लागतात. कालव्याच्या रेषा निरोगी माणसातही कधी फिकट असतात आणि पॅराथायरॉईड ग्रंथीच्या विकारातही लॅमिना ड्यूरा लोपते, म्हणून डाव्या-उजव्या बाजूंची तुलना केल्यावाचून कोणताही निष्कर्ष कागदावर उतरवू नये.

साठी ओलांडलेले एक गृहस्थ मला स्मरतात. दात दुखत नव्हता. “डॉक्टर, दाढी करताना हनुवटीला वस्तरा लागला तरी कळत नाही,” एवढीच त्यांची तक्रार. पाठदुखी वयावर ढकललेली, अशक्तपणासाठी लोहाच्या गोळ्या चालू. फिल्मवर मुळांपाशी काहीच नव्हते. परंतु उजव्या कालव्याची वरची रेषा दुसऱ्या दाढेच्या मागे अकस्मात तुटली होती, आणि जबड्याच्या कोपऱ्यात वाटाण्याएवढे दोन काळे डाग होते, ज्यांना कसलीही कड नव्हती. कारणावाचून बधिर झालेली हनुवटी ही मामुली बाब नव्हे. त्याच दिवशी मी त्यांना रक्ताच्या आणि प्रथिनांच्या तपासणीसाठी चिठ्ठी देऊन पाठविले. पुढे अस्थिमज्जेच्या तपासणीत मल्टिपल मायलोमाचे निदान कायम झाले.

त्या डागांना कड का नसावी, यातच या रोगाचे सारे वर्तन सामावले आहे. मुळाशी दीर्घकाळ मुरलेल्या जंतुसंसर्गाभोवती हाड पुष्कळदा, शेताला बांध घालावा तशी, पांढरी कड उभारते, कारण झीज चालू असतानाच नवे हाड घडविण्याची त्याची शक्ती शाबूत असते. मायलोमातील प्लाझ्मा पेशी हाड खाणाऱ्या पेशींना चेतवितात आणि त्याच वेळी हाड रचणाऱ्या पेशींना दडपतात. मग कड उभारणार कोण? प्रौढपणी रक्त निर्माण करणारी मज्जा जबड्याच्या मागल्या भागात अधिक शिल्लक राहते, म्हणून हे डागही बहुधा तेथेच सापडतात.

मुलांच्या बाबतीत अशा रक्ताच्या कर्करोगांचा वेग भयंकर असू शकतो. 1957 साली युगांडातील कंपाला येथील मुलागो रुग्णालयात शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी जबड्याच्या चारही भागांना सूज आलेला एक मुलगा पाहिला, आणि पुढल्याच वर्षी अशा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. हाच बर्किट लिम्फोमा. त्याच्या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतात. फिल्मवर आधी लॅमिना ड्यूरा जाते, मग दातांचा आधार जातो आणि ते अधांतरी तरंगताना दिसतात. ल्युकेमियातही कोषांच्या रेषा विरतात, न उगवलेले दात जागचे हलतात. म्हणून लहान मुलाचा दात अवेळी हलू लागला, तर त्याचा खुलासा मिळेपर्यंत मी फाईल बंद करीत नाही.

मात्र फिल्मच्या साक्षीला हद्द आहे. हाडातील सुमारे 30 ते 50 टक्के क्षार नाहीसे झाल्याखेरीज साध्या फिल्मवर पोकळी उमटत नाही. सबब स्वच्छ फिल्म म्हणजे निरोगीपणाचा दाखला नव्हे, आणि डागाळलेली फिल्म म्हणजे निदान नव्हे. आमचे काम संशयाची नोंद वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत करण्याचे.

निदान झाल्यावरही आमचे काम संपत नाही. मायलोमात हाडांच्या रक्षणासाठी झोलेड्रॉनिक आम्लासारखी औषधे देतात, आणि त्यानंतर दाढ काढल्यास जबड्याचे हाड उघडे पडून मृत होण्याचा धोका असतो, ही गोष्ट 2003 पासून वैद्यकीय वाङ्मयात नमूद होऊ लागली. तेव्हा कर्करोगतज्ज्ञांकडून शक्य तेवढी मुदत मागून घ्यावी, वाचण्याजोगे नसलेले दात औषधाआधी काढावेत, आणि जखमा भरल्याची खात्री करूनच रुग्णाला पहिल्या सलाईनसाठी पाठवावे.