फिक्या फरकाचा अर्थ

अझोर्समधल्या ग्रासिओझा बेटालगत प्राइया नावाचं छोटं बेट आहे. तिथे मी उन्हाळ्यात गेले तेव्हा दगडांच्या फटींत स्टॉर्म पेट्रेल या समुद्रपक्ष्यांची पिल्लं वाढत होती. हिवाळ्याच्या तोंडावर पुन्हा गेले, तर तशाच फटींत दुसऱ्या गटाचे पक्षी एकेक अंडं उबवत बसलेले. हे दोन गट वेगळे झाले असावेत, असं लुईस मोंतेइरो या पोर्तुगीज अभ्यासकाने १९९८ मध्ये मांडलं. पुढच्याच वर्षी विमान अपघातात त्यांचं निधन झालं. २००८ मध्ये उन्हाळी गट स्वतंत्र प्रजाती ठरला आणि त्याला मोंतेइरोंचं नाव मिळालं. तिथे डीएनएची साक्ष स्पष्ट होती.

मग गॅलापागोस बेटांवरच्या पक्ष्यांचे डीएनए-नमुने माझ्याकडे आले. त्या बेटांवरचे स्टॉर्म पेट्रेलही दोन हंगामांत वीण करतात. पण आलेखावर दोन्ही हंगामांचे ठिपके एकमेकांत मिसळून गेले. गटांमधला जनुकीय फरक मोजणारा आकडा, एफएसटी, शून्याच्या जवळ होता, तरी शून्य नव्हता. २००७ च्या प्रकाशित संशोधनातही तिथला फरक असाच फिका निघाला होता. बैठकीत लगेच प्रश्न आला, "म्हणजे सगळे एकच ना?"

मला तसं म्हणवेना. हंगाम बदलणारे थोडे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या जनुकांची देवाणघेवाण करत असतील, तर आकडा लहान येतो. गट अलीकडेच फुटले असतील आणि दोन्हींत हजारो पक्षी असतील, तरीही तो लहानच येतो, कारण मोठ्या समूहात योगायोगाने होणारा जनुकीय बदल फार संथ असतो. नुकत्याच वेगळ्या झालेल्या भावांच्या घरात भांडी सारखीच दिसतात. त्यावरून चूल एक आहे असं ठरत नाही. शिवाय विणीची वेळ ठरवणारी जनुकं मोजकीच असू शकतात. हजारो तटस्थ खुणांच्या सरासरीत त्यांचा फरक बुडून जातो.

म्हणून मी आधी नमुने पारखले. रात्री जाळ्यात सापडलेला पक्षी नुसता जागा शोधत फिरणारा असू शकतो. त्याचा हंगाम कसा ठरवणार? घरट्यातून घेतलेले नमुने मी वेगळे काढले. पायात कडी घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदी मागवल्या, कारण कोणी हंगाम बदलला का, हे त्याच थेट सांगतात. अलीकडची फूट की चालू देवाणघेवाण, हे ताडण्यासाठी दोन्ही शक्यतांची प्रारूपं शेजारी ठेवून तपासली.

अहवालात मी "एकच" लिहिलं नाही आणि "नवी प्रजाती"ही लिहिलं नाही. फरक फिका आहे, त्याला दोन्ही कारणं लागू पडू शकतात, आणि नेमकं कारण कळेपर्यंत दोन्ही हंगामांची गणना व राखण वेगवेगळी व्हावी, असं लिहिलं. एका हंगामाची मोजणी करून परतलो, तर दुसऱ्या हंगामात उंदीर-मांजरांनी घरटी ओस पाडली तरी आपल्या वहीत सारं आलबेल दिसेल. ही जोखीम घेण्याचा हक्क लहान एफएसटी आपल्याला देत नाही.