लाज आणि गाठ
आसामच्या पोस्टिंगवर माझ्या युनिटमधल्या 24 वर्षांच्या जवानाने अंडकोषातली गाठ चार महिने लाजेपोटी लपवली. दुखत नव्हती ना! सोनोग्राफीत कॅन्सरचा संशय आला, ऑपरेशननंतर तो पक्का झाला. मग सीटी स्कॅन ठरला.

“साहेब, पोटाचा आणि छातीचा कशाला?” त्याने विचारले.

गर्भात अंडकोष मूत्रपिंडांजवळ तयार होऊन खाली उतरतात. लसिकेची वाट मात्र वरचीच राहते. म्हणून हा आजार बहुधा आधी पोटात, महाधमनीलगतच्या ग्रंथींत शिरतो, मग फुप्फुसांत. शत्रूची वाट ठाऊक असली की टेहळणी तिथेच लावायची.

ग्रंथी वाढलेल्या निघाल्या. केमो झाली. आज तो ड्युटीवर आहे. 1996 मध्ये लान्स आर्मस्ट्राँगचा तर मेंदूपर्यंत पोचला होता, तोही वाचला.

मित्रांनो, घरातल्या तरुण पोरांशी हे मोकळेपणाने बोला.