न शिवलेली फट

वाचकहो, तुमच्या घरात कोणाची लठ्ठपणावरील बायपास शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्या वेळचे कागद आजच शोधून ठेवा. मला वजनाच्या नोंदींची वही अभिप्रेत नाही. शस्त्रक्रियेचे तपशीलवार टिपण अभिप्रेत आहे. ही विनंती मी काहीशा अपराधी मनाने करत आहे.

माझ्याकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या एका बाई, वय चौसष्ट. सात वर्षांपूर्वी त्यांची ही शस्त्रक्रिया झाली. वजन उतरले, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या. पुढे जेवणानंतर बेंबीच्या वर कळ येऊ लागली. तासाभराने ती आपोआप शमे. मी आम्लपित्त समजून चार महिने गोळ्या देत राहिलो. सोनोग्राफीत काही आढळले नाही, म्हणून निर्धास्तही झालो. अखेर त्यांची सून म्हणाली, "डॉक्टर, कळ आली की आई गुडघे पोटाशी घेऊन बसतात. पित्ताने कोणी असं बसतं का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याच दिवशी सीटी स्कॅन केला. आतडे एका फटीतून सरकून पिळले होते.

ही फट येते कोठून? या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम 30 मिलिलिटरची पिशवी करतात आणि लहान आतडे कापून तिला जोडतात. आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याची रचना त्यामुळे बदलते व त्यात मोकळ्या जागा राहतात. सुरुवातीला तेथे चरबी असते. वजन घटते तशी तीही घटते आणि फट रुंदावते. म्हणजे शस्त्रक्रियेचे यशच पुढे धोक्याची वाट मोकळी करते! शल्यविशारदाने या फटी शिवल्या होत्या की नाही, याला म्हणूनच अनेक वर्षांनीही महत्त्व असते. स्वीडनमध्ये सुमारे अडीच हजार रुग्णांवर झालेला अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. आतड्याच्या अडथळ्यासाठी तीन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण फटी न शिवलेल्यांत शंभरात सुमारे दहा, तर शिवलेल्यांत पाच-सहा होते. शिवण्यालाही किंमत आहे. टाक्यांमुळे जोडणीपाशी आतडे मुडपून सुरुवातीच्या दिवसांतील गुंतागुंत थोडी वाढली. तरीही माझे मत शिवण्याच्याच बाजूचे आहे.

बाईंच्या डिस्चार्ज कार्डावर एवढेच होते : 'बायपास केला. प्रकृती समाधानकारक.' कोणता बायपास, किती आतडे वगळले, फटी शिवल्या का, याचा उल्लेख नव्हता. वगळलेले आतडे फार लांब असेल तर प्रथिने व लोह कमी पडतात. जोडणीपाशी व्रणही होतो, आणि गुडघेदुखीच्या गोळ्या त्याला आमंत्रण देतात. त्या गोळ्याही मीच लिहून देत होतो, हे येथे सांगितले पाहिजे.

अशी कळ वारंवार येत असेल, तर सोनोग्राफीवर विसंबू नका. सीटी स्कॅनही कधी फसवतो. शल्यविशारदाकडे जा. कळ थांबेनाशी झाली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट पाहू नका.

बाईंचे आतडे वाचले. दुर्बिणीतून ते जागेवर बसवून दोन्ही फटी शिवल्या. नव्या टिपणात तसे स्पष्ट लिहिले आहे. सुनेने तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आणि एक छायाप्रत न मागता माझ्या टेबलावर आणून ठेवली.