उसवलेली ओळ

आमच्या घरीं आलेल्या पाहुण्यानें कोचावर बसण्यापूर्वीं एकदां हात फिरवून पाहावें, असा एक अलिखित शिरस्ता आहे. गादीच्या फटींतून विणकामाची सुई केव्हां डोकें वर काढील याचा नेम नसतो. नेहमींचे पाहुणे हें जाणून आहेत; नवख्यांना मी स्वतःच सावध करतें. कोचाच्या कोपऱ्यांत पिशवी, पलंगाखालीं ट्रंक, खिडकींत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि देवघराच्या फडताळांतसुद्धां उदबत्तीच्या पुड्यांआड क्रोशाची एक सुई, असा माझा संसार घरभर पसरलेला आहे. आमचे हे म्हणतात, "या घरांत माणसें तीन आणि अर्धवट कामें तेरा." तेरा हा आंकडा मला मान्य नाहीं, पण मोजायला मी कधीं बसलें नाहीं, हेंही खरें.

हा पसारा निव्वळ हौसेनें वाढला असें म्हणावें, तर तेंही पूर्ण खरें नाहीं. आमचें देवळा हें गिरणेच्या खोऱ्यांतलें गांव. १९९९ सालीं तें तालुक्याचें ठिकाण झालें, बाजार वाढला, तयार स्वेटरांचे ढीग दुकानांत दिसूं लागले. पण थंडी होती तेथेंच राहिली. मार्गशीर्ष लागतो, उन्हाळ कांद्याच्या लागणीसाठीं बायका पहांटे कानाला फडकीं बांधून शेताकडे निघतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या घरीं मागण्यांना मोहोर येतो. गेल्या वर्षीं तो जरा जास्तच आला. भाच्याला स्वेटर हवा होता. यांचा मफलर आदल्या हिंवाळ्यांत नऊ इंचांवर येऊन थांबला होता. वन्संच्या मुलीचें लग्न माघांत ठरलें, तेव्हां रुखवतासाठीं मण्यांचें तोरण आणि क्रोशाचे सहा रुमाल माझ्या अंगावर आले. आणि या सर्वांवर कळस म्हणजे माझ्या लेकीचें पहिलें बाळंतपण. तेंही त्याच महिन्यांत, आणि अर्थात् माहेरीं. बाळंतविडा म्हटला कीं टोपरें आलें, कुंची आली, पायमोजे आले, दुपटीं आलीं आणि गोधडी आली.

यांतली एकही मागणी मोठी नव्हती. मोठें होतें तें त्यांचें एकदम येणें. पण तव्यावर एक पोळी, पोळपाटावर दुसरी आणि हातांत तिसरीचा उंडा, ही कसरत जिनें तीस वर्षें केली तिला हें जमूं नये कां? मीं कामांची वांटणी केली. सुलट-उलट टांक्यांची साधी वीण गप्पा मारतां मारतां होते. ती पाहुण्यांसाठीं राखून ठेविली. जाळीच्या विणींत टांके मोजावे लागतात. ती घर निजल्यावर. मणी ओंवायचे ते दुपारीं, ओट्यावरच्या उन्हांत. अशा रीतीनें दिवसाचे तुकडे पाडून मीं ते ज्याच्या त्याच्या नांवावर टाकले. कागदावर सर्व कांहीं उत्तम बसलें. गोधडीचें नांव मात्र त्या कागदावर नव्हतें; ती सासूबाईंची होती.

सासूबाईंचें वय ८४. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आहे, दुसऱ्या डोळ्याला सारें जग धुक्यांतलें दिसतें. पण लेकीची बातमी फोनवर कळली त्याच संध्याकाळीं त्यांनीं आपलीं दोन मऊ झालेलीं नऊवारी लुगडीं ट्रंकेंतून काढलीं, मध्यें घालायला कैलासवासी मामंजींचें धोतर घेतलें आणि जाहीर केलें, "पणतवंडाची गोधडी मी शिवणार." कांठापासून धांवदोरा घालीत निघायचें आणि फेऱ्यामागून फेरा घेत मध्यापर्यंत जायचें, ही त्यांची रीत. रजईला कापूस लागतो, गोधडीला घरांतलीं माणसें लागतात, असें त्या म्हणतात.

त्यांच्या हाताचें शिक्षण सुतावर झालें आहे. त्यांचे वडील शिक्षक होते आणि ऐन तारुण्यांत चरख्याच्या नादीं लागले होते. १९२४ सालीं बेळगांवच्या काँग्रेसमध्यें, गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं, सभासदत्वाची वर्गणी म्हणून दरमहा दोन हजार वार सूत देण्याचा नियम झाला. दोन हजार वार म्हणजे मैलाहून अधिक लांबीचा धागा! त्या नियमाला एक पळवाट होती: आजारपणामुळें किंवा अनिच्छेमुळें स्वतः कातणें न झाल्यास दुसऱ्यानें कातलेलें सूत दिलें तरी चाले. पुढच्याच वर्षीं सुताची सक्ती गेली आणि चार आण्यांचा पर्याय आला. परंतु त्या पळवाटेविषयीं सासूबाईंचे वडील अखेरपर्यंत रागानें बोलत. "दुसऱ्याच्या हातचें सूत आपलें म्हणून देण्यापेक्षां सरळ चार आणे द्यावे, पैशांना निदान कोणाचा हात नसतो," असें त्यांचें म्हणणें.

मुलीच्या हातीं त्यांनीं पाटीच्या आधीं टकळी दिली. चार फुटांचा एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी, हें कोष्टक सासूबाईंना आजही पाठ आहे. टकळी केव्हांच गेली, पेळूही गेले, पण बोटांचें ज्ञान राहिलें. फुलवाती आणि गेजवस्त्रें त्या घरांतले दिवे गेले असतांही करतात. आणि माझ्या लोकरीची लड हातांत घेऊन पीळ कोठें सैल आहे तें न पाहतां सांगतात. हें सर्व मला ठाऊक होतें. म्हणूनच पुढें मीं जें केलें त्याला अज्ञानाची सबब नाहीं.

पौष निम्मा सरला तेव्हां रुमाल दोनच झाले होते, तोरणाचे मणी अजून वाटींत होते आणि स्वेटरला एक बाही नव्हती. एका रात्रीं मीं सहज म्हणून गोधडी दिव्याखालीं पसरली. पहिले दोन फेरे ठीक होते. तिसऱ्यापासून ओळ कलंडत गेली होती. एक टांका तांदळाएवढा, तर शेजारचा शेंगेएवढा. एके ठिकाणीं तर दोन ओळी एकमेकींना भेटून पुन्हां दुरावल्या होत्या. माझ्या डोळ्यांसमोर बारशाचा दिवस उभा राहिला. पुण्याची व्याहीमंडळी येणार, बाळंतविडा मांडला जाणार, विहीणबाई गोधडी उलगडणार, तोंडानें 'छान' म्हणणार आणि मनांत कांहीं निराळेंच म्हणणार. मीं कात्री घेतली. तीन ओळी उसवल्या आणि त्या जागीं माझ्या हातानें सरळ, एकसारख्या घातल्या. दुसऱ्या रात्रीं आणखी तीन.

होमरच्या महाकाव्यांतली पेनेलोपी दिवसां विणी आणि रात्रीं उसवी. सासऱ्यासाठीं प्रेतवस्त्र विणायचें आहे, तें पुरें होईपर्यंत पुनर्विवाहाचें नांव नको, असें सांगून तिनें मागणी घालणाऱ्यांना तीन वर्षें झुलविलें. रात्रीं चोरून धागा उसवणाऱ्या बायकांत तिचें नांव मोठें आहे, आणि कात्री चालवितांना मला तिची आठवण झाली, तेव्हां थोडें बरेंही वाटलें. परंतु ती आपलें स्वतःचें काम उसवीत होती.

तिसऱ्या दिवशीं सासूबाई ओट्यावर उन्हांत गोधडी घेऊन बसल्या. काम कोठवर आलें तें पाहण्यासाठीं त्यांचीं बोटें कांठावरून आंत सरकूं लागलीं. मी शेजारींच मणी ओंवीत होतें. बोटें थांबलीं, मागें गेलीं, पुन्हां त्याच जागीं आलीं. त्यांनीं एक टांका नखानें किंचित् उचलला आणि सोडून दिला. मग रिळांत सुई खोंचली, गोधडीची चौपदरी घडी घातली आणि त्या म्हणाल्या, "आज डोळे चुरचुरतात. जरा वाती करतें."

डोळे दुसऱ्या दिवशींही चुरचुरले आणि तिसऱ्याही दिवशीं चुरचुरले. वातींचा डबा शिगोशीग भरला. "आई थोडी विश्रांति घेते आहे, तें बरेंच झालें," असें हे म्हणाले. मी कांहीं बोललें नाहीं. माझीं कामें मात्र त्या दिवसांत भराभर झालीं. अपराधी माणूस फार उद्योगी असतो.

चौथ्या रात्रीं स्वेटरच्या बाहीचें एक घर सुटलें आणि माझ्या ध्यानांत येण्यापूर्वीं पांच ओळी खालीं उतरलें. विणकामांत त्याचें एवढें भय नसतें. क्रोशाच्या सुईनें तें घर एकेक पायरी वर चढवितां येतें. फारच बिघडलें तर सगळेंच उसवावें, लोकर धुवावी, लडीला वजन टांगून वाळवावी, कीं ती पुन्हां कामाला येते; कारण विणलेलें वस्त्र म्हणजे अखेर एकच धागा. शिवणीचें तसें नाहीं. तेथें धागा निराळा आणि कापड निराळें. धागा निघून गेला तरी कोठें काय टोंचलें होतें तें कापड विसरत नाहीं. मीं सुया खालीं ठेविल्या आणि सासूबाईंच्या खोलींत गेलें. त्या जाग्याच होत्या.

"आई, त्या ओळी मीं उसवल्या."

"ठाऊक आहे."

"बाळाच्या अंगाखालीं नीट असावी म्हणून..."

"चांगल्याच घातल्या आहेस," त्या शांतपणें म्हणाल्या. "तरुणपणीं माझा टांका असाच होता. पुरी कर तूं. फक्त ही गोधडी पणजीनें शिवली, असें बाळाला सांगूं नकोस."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपें गेलें असतें. अंथरुणावर पडल्यावर मी विचार करूं लागलें. एकसारखेपणाच हवा होता, तर मालेगांवच्या यंत्रमागांवरचें कापड काय थोडें आहे? तयार दुपट्यांची चळत प्रत्येक दुकानांत असते. आम्हां बायकांची गंमत अशी, कीं वस्तु हातची असावी असा आमचा आग्रह, आणि तींत हात मात्र दिसूं नये अशी इच्छा! आणि दुसरें असें, कीं माझ्या त्या कागदावर ज्यांनीं कांहीं मागितलें त्या सर्वांचीं नांवें होतीं. सासूबाईंनीं कांहीं मागितलें नव्हतें, त्या द्यायला निघाल्या होत्या. मागणाऱ्यांसाठीं दिवसाचे तुकडे पाडण्यांत मी इतकी गुंतलें होतें, कीं देणाऱ्यालाही वेळ लागतो, जागा लागते, हें माझ्या हिशेबांत आलेंच नाहीं. मला वाटत होतें, मी त्यांचे टांके दुरुस्त करीत आहें. प्रत्यक्षांत मी त्यांचें सूत नाकारून माझें सूत त्यांच्या नांवावर जमा करीत होतें.

दुसऱ्या दिवशीं मीं माझ्या सहाही ओळी उसवल्या. लुगड्याच्या विरत आलेल्या कापडावर भोकांच्या रांगा राहिल्या, त्यांच्या वांकड्या आणि माझ्या सरळ. गोधडी त्यांच्या मांडीवर ठेविली आणि शेजारच्या उशींत पांच सुया दोरा ओंवून खोंचून ठेविल्या. टांका त्यांच्या बोटांना कळतो, पण सुईचें नाक कळत नाहीं. आणि दर वेळीं दोरा ओंवायला कोणाला तरी हाक मारणें त्यांच्या जिवावर येई. दोरा संपेल या भीतीनें त्या टांके लांब लांब घेत, हें मला त्या दिवशीं समजलें. इतकी साधी गोष्ट! त्यांनीं सुया मोजल्या, मग गोधडी चांचपली.

"भोकें पडलीं कीं ग."

"धुतल्यावर बुजतील," मी म्हणालें.

"कांहीं बुजतील," त्या म्हणाल्या, आणि त्यांनीं पहिली सुई उचलली.

मग मीं वन्संना फोन केला आणि सांगितलें कीं रुमाल सहा होणार नाहींत, दोन होतील. आणि तोरण बाजारांतून आणावें. वन्संनीं दोन दिवस अबोला धरला, आणि तें योग्यच होतें. कबूल केलेलें काम परत करणें ही कांहीं फुशारकीची गोष्ट नव्हे. रुखवतांत दुकानाचें तोरण लागलें. त्याला कोणीं नांवें ठेविलीं नाहींत. खरें म्हणजे त्याकडे कोणीं पाहिलेंच नाहीं.

बाळ माघाच्या अखेरीस आलें. गोधडी त्याच्या चारच दिवस आधीं पुरी झाली. टांके थोडे लहान झाले होते, पण ओळी जायच्या तेथेंच गेल्या होत्या. बारशाला विहीणबाईंनीं ती उलगडली. एका कलंडलेल्या ओळीवरून त्यांचें बोट फिरत गेलें, जेथें दोन ओळी भेटतात तेथें थांबलें, आणि त्यांनीं विचारलें, "ही कोणीं शिवली?" मी तोंड उघडण्यापूर्वींच पाळण्यापलीकडून उत्तर आलें, "मीं." तो स्वर मीं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

घरांतलीं अर्धवट कामें अजून तेराच आहेत, असें यांचें म्हणणें. यांचा मफलर अकरा इंच झाला आहे, म्हणजे वर्षाला दोन इंच ही गति कांहीं वाईट नाहीं. सासूबाईंनीं आतां उरलेल्या चिंध्यांचें एक आसन घेतलें आहे. तें कोणासाठीं आहे तें त्या सांगत नाहींत. कामांचा कागद मी अजूनही रोज सकाळीं लिहितें. फक्त त्याच्या पहिल्या ओळींत आतां कोणाचीही मागणी नसते. तेथें एवढेंच असतें: पांच सुया ओंवून ठेवणें.